शहर कोणाचें?



चित्र ही डोळ्यांनीं पाहावयाची वस्तु, आणि नभोवाणीपाशीं भांडवल काय तें केवळ आवाजाचें. तेव्हां चित्रांविषयीं येथून बोलावयाचें म्हटलें म्हणजे ऐकणाऱ्याला पदरची थोडी कल्पनाशक्ति खर्च करावी लागते. ती आज आपण करावी अशी माझी विनंति आहे. एक लांबरुंद दालन डोळ्यांपुढें आणा. त्याच्या एका भिंतीवर ब्रिटिश चित्रकारांनीं काढलेलीं शहरांचीं चित्रें टांगलीं आहेत. समोरच्या भिंतीवर दक्षिण आफ्रिकेंतील चित्रकारांचीं. प्रदर्शनाची ही मांडणी माझ्या मनांतली आहे. परंतु चित्रें खरीं आहेत, चित्रकार खरे आहेत, आणि ज्या गल्ल्या त्यांनीं रंगविल्या त्याही खऱ्या आहेत. निदान एके काळीं खऱ्या होत्या. ह्या ‘एके काळीं’ शब्दांतच आजच्या विषयाचें मर्म आहे.

हेच दोन देश समोरासमोर कां मांडावयाचे, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर जोहान्सबर्ग शहराच्या जन्मांत आहे. १८८६ सालीं विटवॉटर्सरँडच्या डोंगरधारेवर सोनें सांपडलें आणि उजाड माळावर तंबू व पत्र्याच्या झोंपड्या उभ्या राहिल्या. पाहतां पाहतां त्यांचें मोठें शहर बनलें. खाणींत गुंतलेलें भांडवल पुष्कळसें लंडनचें होतें. खाणवाले गबर झाले, तेव्हां आपल्या शहराला कलेचाही कांहीं साज असावा असें त्यांच्यांतल्या कांहींना वाटूं लागलें. लेडी फ्लॉरेन्स फिलिप्स ह्या बाईंनीं पुढाकार घेतला, ह्यू लेन ह्या कलापारख्यानें चित्रें जमविलीं, आणि १९१० सालीं हा संग्रह लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत लोकांना दाखवून मग आफ्रिकेस पाठविण्यांत आला. त्याच्यासाठीं जूबर्ट पार्क येथें जें कलाभवन १९१५ सालीं उघडलें, त्याचा आराखडा एडविन लट्येन्स ह्यांचा. आपल्या नव्या दिल्लीची आंखणी करणारे तेच हे लट्येन्स. तात्पर्य, सोनें खणणारे हात बहुतांशीं आफ्रिकेचे होते, आणि त्या सोन्यावर घेतलेलीं चित्रें युरोपचीं होतीं. काळ्या चित्रकारानें काढलेलें एकही चित्र त्या भवनानें पहिलीं पंचवीस वर्षें विकत घेतलें नाहीं.

आतां पहिल्या भिंतीपाशीं चला. तेथें आरंभींच लॉरेन्स स्टीफन लॉरी ह्यांचीं चित्रें आहेत. लॉरी हे १८८७ सालीं जन्मले व १९७६ सालीं वारले. १९०९ मध्यें त्यांचें कुटुंब मँचेस्टरजवळच्या पेंडलबरी ह्या कापडगिरण्यांच्या वस्तींत राहावयास आलें. पांढरपेशा वस्तींतून येथें यावें लागलें ह्याचें घरांत दुःखच होतें. १९१० पासून १९५२ मध्यें निवृत्त होईपर्यंत लॉरी ह्यांनीं एका कंपनींत घरभाडें वसूल करणाऱ्या कारकुनाची नोकरी केली. दिवसां भाड्याची वही घेऊन दारोदार हिंडावयाचें, संध्याकाळीं कलाशाळेंत जावयाचें, आणि रात्रीं घरीं चित्र काढीत बसावयाचें, असा त्यांचा क्रम पुष्कळ वर्षें चालला. रंग मोजके पांच: पांढरा, काळा, हिंगुळी, प्रशियन निळा आणि पिवळ्या मातीचा. तेवढ्यांत त्यांनीं सॅलफर्डचें सारें जग बसविलें. मागें धुरकट पांढरें आकाश, त्यांत उभीं धुराडीं, खालीं एकाला एक चिकटलेलीं विटांचीं घरें, आणि गिरणीच्या फाटकांतून बाहेर पडणारा माणसांचा लोंढा. माणसें काड्यांसारखीं बारीक, किंचित् पुढें वांकलेलीं. त्यांचे चेहरे ओळखूं येत नाहींत, पण चाल ओळखूं येते. भाडें थकलें म्हणून एका कुटुंबाचें सामान रस्त्यावर काढलें जात आहे, असेंही दृश्य त्यांनीं रंगविलें आहे. भाडें वसूल करणाऱ्याच्याच हातून तें उतरावें, ह्यांत त्या मनुष्याच्या एकाकी, अबोल करुणेची खूण पटते.

समोरच्या भिंतीवर, लॉरींच्या बरोबर पुढें, जेरार्ड सेकोटो ह्यांचें एक लहानसें तैलचित्र मीं लावलें आहे. त्याचें नांव ‘पिवळीं घरें: सोफियाटाउनमधील एक रस्ता’. सेकोटो १९१३ सालीं ट्रान्सवालमध्यें एका मिशनच्या गांवीं जन्मले. वडील शिक्षक आणि धर्मप्रचारक. मुलगाही शिक्षक झाला. परंतु १९३८ सालीं ती नोकरी सोडून हा तरुण चित्रकार होण्यासाठीं जोहान्सबर्गला आला आणि सोफियाटाउनमध्यें नातेवाइकांकडे उतरला. सोफियाटाउन ही मोठी विलक्षण वस्ती होती. एका गोऱ्या मालकानें पाडलेले हे जमिनीचे तुकडे शहराच्या मैल्याच्या शेतांजवळ असल्यामुळें गोरे गिऱ्हाईक त्यांकडे फिरकेना. म्हणून ते काळ्या, हिंदी, चिनी, मिश्रवर्णी अशा कोणालाही विकले गेले. काळ्या माणसाच्या नांवावर जमिनीचा उतारा असावा, ही त्या देशांत दुर्मिळ गोष्ट येथें घडली होती. तेथील रस्ता सेकोटोंनीं १९४० सालीं रंगविला. पिवळ्या भिंती, कच्ची वाट, वाटेवर माणसें. बाकी कांहीं नाहीं. परंतु तो पिवळा रंग असा कांहीं तापलेला आहे, कीं दुपारचें ऊन भिंतीवर पडलें आहे कीं भिंतीच्या आंतून निघत आहे, हें सांगवत नाहीं. त्याच वर्षीं जोहान्सबर्गच्या कलाभवनानें हें चित्र विकत घेतलें. काळ्या चित्रकाराची त्या संग्रहांत आलेली ही पहिली कृति होय.

दोन्ही चित्रांकडे एकदम पाहा. लॉरी रस्त्याकडे जरा उंचावरून, जरा दुरून पाहतात. त्यांच्या आणि गर्दीच्या मध्यें अंतर आहे. तें अंतर भाड्याच्या वहीचें आहे, आणि स्वभावाचेंही आहे. सेकोटो रस्त्यांतच उभे आहेत. समोरून येणाऱ्या बाईला वाट द्यावयाला त्यांना बाजूला सरावें लागेल इतके जवळ. म्हणजे डोळ्यांचा हिशेब केला तर सेकोटो शहराच्या आंत आहेत आणि लॉरी किंचित् बाहेर. परंतु कायद्याचा हिशेब केला म्हणजे हेंच गणित उलटें होतें. लॉरी कितीही एकटे असले तरी सॅलफर्डचे नागरिक होते. त्यांना कोणी ‘तूं येथें कां?’ म्हणून विचारूं शकत नव्हतें. सेकोटोंच्या देशांत १९२३ सालीं नागरी वस्त्यांविषयींचा जो कायदा झाला, त्यामागची भूमिका अशी होती, कीं शहर हें गोऱ्यांचें आहे. काळ्या मनुष्यानें त्यांच्या चाकरीपुरतें तेथें यावें आणि काम संपलें कीं परत जावें. खिशांत परवाना नसला तर पोलीस त्याला रस्त्यावरूनच धरून नेत. एकाचा रस्ता हा त्याचा हक्काचा रस्ता होता. दुसऱ्यानें रंगविलेल्या रस्त्यावर त्याचें उभें राहणेंही सरकारच्या मर्जीवर होतें. हा फरक रंगांत दिसत नाहीं, चौकटीवर लिहिलेला नाहीं. पण तो जाणल्यावांचून हीं दोन चित्रें पुरतीं कळत नाहींत.

सेकोटोंच्या ‘पिवळ्या घरां’चें वर्ष १९४० हें होतें, तें ध्यानांत ठेवा. त्याच वर्षीं लंडनवर जर्मन विमानांचे बाँब पडत होते. रात्रीं भुयारी रेल्वेच्या फलाटांवर आश्रयाला निजलेल्या लोकांचीं रेखाचित्रें हेन्री मूर ह्या शिल्पकारानें केलीं, तीं ह्याच काळांतलीं. मेण, शाई आणि खडू ह्यांनीं काढलेल्या त्या पांघरुणांतल्या आकृति पाहिल्या म्हणजे शहर जमिनीखालीं जाऊन श्वास रोखून पडलें आहे असें वाटतें. त्याच सुमारास केनेथ क्लार्क ह्यांच्या प्रेरणेनें आणखी एक उपक्रम निघाला. युद्धानें म्हणा, नव्या बांधकामानें म्हणा, ज्या गोष्टी नाहींशा होण्याचा संभव आहे, त्यांची जलरंगांत नोंद करून ठेवण्यासाठीं चित्रकारांना मानधन देण्यांत आलें. जुनीं देवळें, पूल, गल्ल्या, दुकानें ह्यांचीं पंधराशेंहून अधिक चित्रें अशीं जमलीं. तीं आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहेत. राष्ट्रानें आपल्या चित्रकारांना सांगितलें, ‘जें जाईल असें वाटतें तें काढून ठेवा.’ संकटांत सांपडलेल्या राष्ट्राचें हें कृत्य निःसंशय शहाणपणाचें होतें.

दक्षिण आफ्रिकेंत उलट घडलें. तेथें शहराचा एक भाग नाहींसा करावयास परका शत्रु यावा लागला नाहीं. १९४८ सालीं वर्णविभक्तीचें राजकारण करणारा पक्ष अधिकारावर आला. १९५० सालीं कोणत्या वंशाच्या लोकांनीं कोठें राहावें हें ठरविणारा कायदा झाला. १९५५ सालच्या ९ फेब्रुवारीला पहांटे सुमारें दोन हजार सशस्त्र पोलीस सोफियाटाउनमध्यें उतरले. कुटुंबें सामानासह मालमोटारींत घालून मेडोलँड्स येथें नेण्यांत आलीं, आणि मागें घरें पाडण्यास प्रारंभ झाला. कांहीं वर्षांत वस्ती भुईसपाट झाली. एक प्रार्थनामंदिर आणि थोड्या इमारती तेवढ्या वांचल्या. त्या जागेवर गोऱ्यांसाठीं नवीं घरें बांधून उपनगराला नांव दिलें ‘ट्रिओम्फ’, म्हणजे विजय! कोणी कोणावर मिळविलेला विजय, हें सांगावयास नकोच.

केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स ह्या वस्तीची तीच गत झाली. सेकोटो १९४२ मध्यें तेथें राहावयास गेले होते, आणि तेथील घरेंही त्यांनीं रंगविलीं होतीं. १९६६ सालच्या ११ फेब्रुवारीला ती वस्ती ‘गोऱ्यांसाठीं राखीव’ म्हणून जाहीर झाली आणि पुढील वर्षांत साठ हजारांहून अधिक लोकांना तेथून उठवून शहराबाहेरच्या रेताड मैदानांवर पाठविण्यांत आलें. ह्या शहराशीं आपलाही एक धागा आहे. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतून, म्हणजे आतांच्या रायगडांतून, पुष्कळ कोकणी मुसलमान कुटुंबें केप टाउनला जाऊन स्थायिक झालेलीं होतीं. कोणी कोठें राहावें हें ठरविणाऱ्या त्या कायद्याची झळ त्यांनाही लागली.

असें झाल्यावर चित्राचें कार्य बदलतें. ‘पिवळीं घरें’ काढतांना सेकोटोंच्या मनांत पुरावा तयार करण्याचा हेतु नव्हता. त्यांना ऊन आवडलें, भिंतीचा रंग आवडला, येणारींजाणारीं माणसें आवडलीं. परंतु घरें पडल्यावर तेंच चित्र साक्षीदार झालें. वस्ती पाडतांना सरकारनें जो शब्द वापरला तो होता ‘गलिच्छ वस्ती’. हा शब्द मोठा सोयीचा असतो. तो एकदा उच्चारला म्हणजे तेथें कोण राहतें, कोणाच्या खिडकींत फुलें आहेत, कोणाच्या घरीं पेटी वाजते, हें पाहण्याची जरुरी उरत नाहीं. सोफियाटाउनमध्यें दाटी होती, घाण होती, गुंडांच्या टोळ्या होत्या. हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण तेथें घरेंही होतीं. सेकोटोंचें चित्र एवढेंच म्हणतें: ‘हें घर होतें.’ सरकारी अहवालाच्या शंभर पानांना हें एक वाक्य पुरून उरतें.

येथें न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे, कीं लॉरींचें सॅलफर्डही आज उरलेलें नाहीं. जुन्या चाळवजा घरांच्या रांगा युद्धानंतरच्या काळांत पाडण्यांत आल्या. तेथेंही अधिकाऱ्यांच्या तोंडीं ‘गलिच्छ वस्ती’ हाच शब्द होता, आणि घर सुटल्याचें दुःख तेथल्या म्हाताऱ्या माणसांनाही झालेंच असेल. परंतु त्यांना वंश पाहून उठविलें नाहीं. त्यांच्या हातांत मत होतें. म्हणून लॉरींचें चित्र पाहतांना आज मनांत उमटते ती हुरहुर, आणि सेकोटोंचें पाहतांना जें उमटतें त्याला हुरहुर म्हणणें अपुरें होय.

स्वतः सेकोटो सोफियाटाउन पडलेलें पाहावयास तेथें नव्हते. १९४७ सालीं ते पॅरिसला गेले आणि पुन्हां मायदेशीं परतले नाहींत. १९९३ सालीं फ्रान्समध्येंच त्यांचा अंत झाला. जाण्यापूर्वीं थोडे दिवस त्यांनीं ‘कुदळीचें गीत’ हें चित्र काढलें. कुदळी उगारलेल्या मजुरांची एक रांग, सर्वांचे हात एका तालांत वर गेलेले. आणि पलीकडे एकटा गोरा मुकादम. त्या रांगेच्या बळापुढें तो मुकादम अगदीं किरकोळ दिसतो. मागें राहिलेल्यांपैकीं ड्युरंट सिहलाली ह्यांनीं पाडल्या जाणाऱ्या वस्त्यांचीं जलरंगचित्रें केलीं. तेथें नोंद ठेवण्यासाठीं मानधन देणारें सरकार नव्हतें, त्यांनीं तें काम आपणहून पत्करलें. आल्बर्ट ॲडम्स ह्या चित्रकाराला वर्णामुळें केप टाउनच्या कलाशाळेचें दार बंद झालें, आणि १९५३ सालीं लंडनच्या स्लेड कलाशाळेनें त्याला घेतलें. माझ्या प्रदर्शनांत त्याचीं चित्रें मीं दोन भिंतींच्या मधल्या कोपऱ्यांत लावीन. कारण त्याचें आयुष्यच तसें दोन्हींकडे वांटलेलें होतें.

आतां दालनाच्या शेवटच्या टोकाला या. येथें दोन चित्रकार असे आहेत, कीं ज्यांनीं पुसणें हीच आपली रीत बनविली. ब्रिटिश बाजूला फ्रँक अवरबाख. १९३१ मध्यें बर्लिनला जन्मलेल्या ह्या ज्यू मुलाला १९३९ सालीं एकट्यालाच इंग्लंडला पाठविण्यांत आलें. आईबाप मागें राहिले आणि नाझींकडून मारले गेले. युद्धानंतरचें लंडन म्हणजे जागोजाग खड्डे, पराती आणि याऱ्या. अवरबाख ह्यांनीं ते इमारतींचे पाये, ते चिखलाचे खंदक रंगविले. १९५४ पासून २०२४ मध्यें निधन होईपर्यंत सत्तर वर्षें ते कॅम्डन टाउनमधील एकाच कार्यशाळेंत काम करीत राहिले आणि भोंवतालचे तेच चार रस्ते पुन्हांपुन्हां काढीत राहिले. दिवसभर केलेलें काम मनास आलें नाहीं कीं तें खरवडून टाकावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं नव्यानें आरंभ करावयाचा. सर्वस्व गमावून आलेल्या मुलानें जणूं एक रस्ता घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या बाजूला विल्यम केंट्रिज, जन्म १९५५, गांव जोहान्सबर्ग. ते कोळशानें कागदावर मोठें चित्र काढतात, त्याचें छायाचित्र घेतात, मग चित्राचा थोडा भाग पुसून बदलतात आणि पुन्हां छायाचित्र घेतात. असें करीत करीत त्याच एका कागदावर चलच्चित्र तयार होतें. पुसलेल्या रेषेचा राखट डाग मात्र मागें राहतो. १९८९ सालच्या त्यांच्या पहिल्या अशा चलच्चित्राचें नांव मोठें खोंचक आहे: ‘जोहान्सबर्ग, पॅरिसनंतरचें दुसरें थोर शहर’. पुढें १९९१ मध्यें त्यांनीं ‘खाण’ हें चलच्चित्र केलें. त्यांत एक खाणमालक बिछान्यांत बसून कॉफी घेत आहे. कॉफीच्या भांड्याची दांडी तो खालीं दाबतो. ती भांड्याच्या तळांतून, बिछान्यांतून, जमिनींतून आरपार जाते आणि खालीं भुयारांत राबणाऱ्या मजुरांमध्यें उतरते. सोन्याच्या शहराची सारी रचना ह्या एका दांडींत आली आहे. मालकाला कॉफी मिळते. खालीं काय आहे हें त्याला दिसत नाहीं. चित्र पाहणाऱ्याला मात्र दिसतें. आणि पुसलेल्या कोळशाचा तो डाग तर केंट्रिज ह्यांच्या देशाची गोष्टच सांगतो: पुसलें तरी खूण राहते.

कोणी रसिक म्हणतील, ‘हें सारें इतिहासाचें आणि कायद्याचें बोलणें झालें, ह्यांत कलेचें काय?’ आक्षेप विचार करण्यासारखा आहे. चित्र केवळ पुरावा म्हणून मोलाचें असतें, तर जमिनीचा उतारा अधिक मोलाचा ठरता. परंतु उतारा सांगतो तो मालकी कोणाची एवढेंच. ती जागा कोणाला प्रिय होती हें सांगण्याची शक्ति त्याच्या अंगीं नाहीं. सेकोटोंचा पिवळा रंग तें सांगतो, लॉरींची वांकलेली माणसें तें सांगतात, अवरबाख ह्यांचा सत्तर वर्षांचा हट्ट तें सांगतो. रंग खोटा असता, रेघ आळशी असती, तर ही साक्ष कोणीच मानली नसती. म्हणून कला आणि साक्ष ह्यांचें भांडण नाहीं. चांगली कला असल्यामुळेंच साक्ष टिकली.

पुढें काय झालें तेंही थोडक्यांत सांगतों. १९९४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत सर्वांना मताचा हक्क मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस केप टाउनमध्यें एका जुन्या प्रार्थनामंदिरांत डिस्ट्रिक्ट सिक्सचें संग्रहालय उघडलें. त्याच्या जमिनीवर त्या नाहींशा झालेल्या वस्तीचा मोठा नकाशा पसरलेला आहे. जुने रहिवासी येतात, आपली गल्ली शोधतात आणि जेथें आपलें घर होतें तेथें आपल्या हातानें नांव लिहितात. वस्ती पाडण्याच्या कामावर असलेल्या एका मनुष्यानें रस्त्यांच्या नांवांच्या पाट्या न फेंकतां लपवून ठेवल्या होत्या. त्या आतां तेथें टांगलेल्या आहेत. २००६ सालीं ‘ट्रिओम्फ’ हें नांव जाऊन पुन्हां ‘सोफियाटाउन’ झालें. इकडे इंग्लंडांत सॅलफर्डला लॉरींच्या नांवाचें कलाभवन २००० सालीं झालें. त्यांचें ‘सामन्याला निघालेले लोक’ हें १९५३ सालचें चित्र २०२२ मध्यें लिलांवांत अठ्ठ्याहत्तर लक्ष पौंडांना गेलें आणि त्याच भवनानें तें घेतलें. रविवारचा हौशी चित्रकार म्हणून ज्याला हिणविलें गेलें, त्या भाडें गोळा करणाऱ्या कारकुनाचें हें चित्र होय.

असो, वेळ संपत आली. आपण ज्या रस्त्यानें रोज जातों तो आपल्याला दिसेनासा होतो, आणि तो मोडला गेला म्हणजे मग आठवूं लागतो. ह्या दोन भिंतींवरच्या मंडळींनीं तो असतांनाच पाहिला. शहर कोणाचें, ह्या प्रश्नाचें उत्तर कायदा एक देतो, पैसा एक देतो. आणि चित्रकार हळूच तिसरें देतो, कीं ज्यानें तें प्रेमानें पाहिलें, त्याचेंही आहे. हें तिसरें उत्तर सरकारदप्तरीं चालत नाहीं हें खरें. पण दप्तरें जुनीं होतात, सरकारें जातात, आणि १९४० सालच्या त्या पिवळ्या भिंतीवर ऊन अजून पडलेलेंच आहे.